दोन्ही पक्षांनी मिळून केलेला शाळांचा कायदा: ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’मधलं काय टिकलं?

अटकेपार (न्यू जर्सी):

मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खातं गुंडाळायचा आदेश काढला. तेव्हापासून आमच्या इथल्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य सारखं फिरतंय: ‘या देशात शाळांच्या प्रश्नावर दोन पक्षांचं कधी जमलंच नाही.’ जमलं होतं की! आणि काठावर नाही, दणदणीत. १३ डिसेंबर २००१ ला प्रतिनिधीगृहात ३८१ विरुद्ध ४१, पाच दिवसांनी सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १०. कायद्याचं नाव ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’, म्हणजे एकही मूल मागे राहू नये. पुढे डाव्या-उजव्या सगळ्यांनीच त्याला इतक्या शिव्या घातल्या की तो दोघांनी मिळून केला होता हेच लोक विसरले.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शाळा हा राज्याचा आणि त्याखाली स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे गावाच्या पातळीवरच्या शाळामंडळाचा) कारभार. पैसा मुख्यतः राज्याचा आणि प्रॉपर्टी टॅक्सचा. वॉशिंग्टनचा वाटा साधारण दहावा हिस्सा. पण तेवढ्यावरही पाणी सोडायला सहसा कुठलं राज्य तयार नसतं, आणि त्या पैशाबरोबर अटी येतात.

सुरुवात १९६५ ची, लिंडन जॉन्सन यांची. राजकारणात येण्याआधी, १९२८-२९ मध्ये, हा माणूस टेक्ससमधल्या कोटुला गावात गरीब मेक्सिकन घरांतल्या पोरांना शिकवत होता. ११ एप्रिल १९६५ ला त्यांनी ‘एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन ॲक्ट’वर सही केली ती व्हाइट हाउसमध्ये नाही, तर स्वतः लहानपणी ज्या शाळेत गेले तिच्या अंगणात, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून. त्यातलं ‘टायटल वन’ आजही चालू आहे: गरीब मुलं जिथे जास्त, तिथे जादा पैसा. चर्चच्या शाळांना सरकारी पैसा द्यायचा की नाही या भांडणात आधीचे बरेच प्रस्ताव बुडाले होते. जॉन्सननी त्यातून वाट काढली ती अशी, की पैसा शाळेला नाही, गरीब मुलाच्या नावाने द्यायचा.

पुढे पस्तीसेक वर्षांनी प्रश्न उभा राहिला की पैसा गेला, पण पोरं शिकली का? धड उत्तर कोणाकडेच नव्हतं. शाळेची सरासरी छान दिसायची आणि त्या सरासरीखाली काळी मुलं, गरीब मुलं, इंग्रजी न येणारी मुलं झाकली जायची. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या कायद्याने गटवार निकाल मागायला सुरुवात केली होती, पण अनेक राज्यांनी ते मनावर घेतलं नाही.

जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष म्हणून आले ते टेक्ससचे गव्हर्नर असतानाच्या परीक्षापद्धतीचा अनुभव गाठीशी घेऊन. शपथविधीच्याही आधी, डिसेंबर २००० मध्ये, त्यांनी शिक्षणात रस असलेल्या दोन्ही पक्षांच्या खासदारांना ऑस्टिनला बोलावलं. डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींना (जॉन एफ. केनेडींचे धाकटे भाऊ) आमंत्रण नव्हतं! सिनेटमध्ये या गृहस्थाशिवाय पान हलणार नाही हे लक्षात आल्यावर मग व्हाइट हाउसमध्ये केनेडी मंडळींना सन्मानाने बोलावून त्यांच्याच भावांवरचा सिनेमा दाखवण्यात आला. अशी मनधरणी हल्ली कोणी कोणाची करत नाही.

वाटाघाटी केल्या चौघांनी. सिनेटमधून केनेडी आणि न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन जड ग्रेग, प्रतिनिधीगृहातून ओहायोचे रिपब्लिकन जॉन बेनर आणि कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट जॉर्ज मिलर. रिपब्लिकनांनी खाजगी शाळांसाठीच्या व्हाउचरची (तिथली फी भरायला सरकारी पैशाची) मागणी सोडली, आणि रेगन ज्या खात्याला टाळं लावायला निघाले होते त्याच्याच हाती जास्त अधिकार दिले. डेमोक्रॅट हा शिक्षक संघटनांच्या पाठिंब्यावर उभा असलेला पक्ष. त्यांनी तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा आणि निकाल वाईट आला तर शाळेवर कारवाई, हे गिळलं. दोघांनी आपापल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. विरोधातली मतं बहुतेक रिपब्लिकनांची होती, पण त्या यादीत उजवे माइक पेन्स आणि डावे बर्नी सँडर्स ही नावं एकत्र सापडतात. गंमत वाटते.

११ सप्टेंबरच्या सकाळी बुश सॅरासोटाच्या शाळेत दुसरीच्या वर्गात बसलेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. तो दौरा याच विषयाचा होता. त्याच सकाळी लॉरा बुश केनेडींच्या समितीपुढे बालशिक्षणावर साक्ष द्यायला निघाल्या होत्या आणि हल्ल्याची बातमी पसरत असताना केनेडींच्या ऑफिसात बसून होत्या. नंतरच्या तीन महिन्यांत विधेयक मार्गी लागलं त्यात या वातावरणाचा हात नक्की होता. ८ जानेवारी २००२ ला सही झाली ती बेनर यांच्या मतदारसंघात, ओहायोच्या हॅमिल्टन हायस्कूलमध्ये, आणि त्याच दिवशी सगळा लवाजमा न्यू हॅम्पशायरला ग्रेगांकडे आणि बोस्टनला केनेडींकडे जाऊन आला.

आता माझं म्हणणं. २०१३-१४ पर्यंत शंभर टक्के मुलं ‘प्रोफिशंट’ (म्हणजे परीक्षेत ठरलेल्या पातळीला पोचलेली) झाली पाहिजेत हे उद्दिष्ट खुळचट होतं. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के! कुठल्या खासदाराला बेरीज येत नव्हती? पण ‘त्यापेक्षा कमी’ म्हणायचं तर कुठली मुलं सोडून द्यायची ते सांगावं लागलं असतं आणि ते कोणालाच नको होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी ते तसंच जाऊ दिलं. ‘प्रोफिशंट’ म्हणजे काय हेही राज्यांवर सोडलं, कारण देशभर एक पट्टी म्हटली की रिपब्लिकन बिथरतात. मग काही राज्यांनी पट्टीच खाली आणली. म्हणजे एकमत झालं ते काही अंशी मोघमपणावर झालं. तरीही एक कलम अस्सल होतं. निकाल गटवार जाहीर करायचे: वंशानुसार, गरीब घरची मुलं वेगळी, इंग्रजी शिकणारी वेगळी, अपंग वेगळी, आणि एक गट मागे पडला तरी शाळा मागे पडली. नागरी हक्कवाल्यांना ते समतेसाठी हवं होतं, उजव्यांना करदात्याच्या पैशाचा हिशेब म्हणून. कारणं निराळी, कलम एकच, आणि तेच आजपर्यंत टिकलं. आता खात्यात आकडे गोळा करणारा विभागच जवळजवळ रिकामा केलाय. मला खातं बुडण्यापेक्षा त्याची धास्ती जास्त वाटते.

तुम्हाला काय वाटतं?

निंबोणी:

छान लिहिलंय. वाचतेय. आम्ही येऊन वर्षही झालं नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारते: आपली मुलं या गटवारीत कुठे येतात?

अटकेपार:

‘एशियन’. त्यात चिनी, मराठी, तेलुगू आणि निर्वासित म्हणून आलेली ह्मोंग मुलंही. त्यामुळे त्या गटाच्या सरासरीखालीही बरंच काही झाकलं जातं, पण तो वेगळा धागा होईल.

खडूफळा:

अटकेपार, लेख माहितीपूर्ण आहे, पण तुम्ही तो काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) गॅलरीत बसून लिहिलाय. मी टेक्ससमध्ये पब्लिक स्कूलला चौथीला गणित शिकवते. तुमचं ‘अस्सल’ कलम वर्गात कसं उतरतं ते सांगते.

ऑक्टोबरात बेंचमार्क टेस्ट होते. मग मीटिंग. पडद्यावर मुलांची नावं तीन रंगांत. हिरवी म्हणजे पास होणारच. लाल म्हणजे काही केलं तरी होणार नाहीत. मधली पिवळी, त्यांना ‘बबल किड्स’ म्हणतात. जादा तास, ट्यूटर, लहान गट, सगळं पिवळ्यांना. कारण शाळेचा आकडा त्यांच्यामुळे हलतो. लाल रंगातलं मूल दुसरीच्या पातळीवरून तिसरीच्या पातळीला आलं तर वर्षभराची प्रगती आहे, पण जुन्या हिशेबात ते शून्यच, कारण पासच्या रेषेखालीच राहिलं. कायद्याचं नाव काय होतं म्हणे?

आणि बुश ज्या टेक्ससचा दाखला देत होते, त्यातलं ह्यूस्टन आठवा. तिथल्या शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) रॉड पेज पुढे बुश यांचे शिक्षणमंत्री झाले, आणि २००३ मध्ये बाहेर आलं की ह्यूस्टनच्या शाळांनी गळतीचे आकडे लपवले होते. एका हायस्कूलने तर गळती चक्क शून्य दाखवली होती. अटलांटात २०११ च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले, मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करताना. शिक्षकांनी! काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. मी त्यांची बाजू घेत नाही. पण आकड्यावर नोकरी टांगली की आकडा सुधारतो, मूल सुधारतंच असं नाही.

विज्ञान, इतिहास, चित्रकला, पीटी यांचे तास वाचन-गणिताने खाल्ले ते तर कोणी मोजलंच नाही असं वाटतं.

मुसाफिर:

खडूफळाताईंना +१. पण परिणाम अगदी शून्य नव्हता. थॉमस डी आणि ब्रायन जेकब या दोन अर्थतज्ज्ञांचा यावरचा अभ्यास बराच मानला जातो. चौथीच्या गणितात स्पष्ट फायदा दिसला, वाचनात मात्र काही नाही. म्हणजे खडूफळाताईंच्याच इयत्तेत आणि विषयात सगळ्यात जास्त फायदा. :)

खडूफळा:

मुसाफिर, तो फायदा कोणी मिळवून दिला तेही लिहा मग. :)

मुसाफिर:

मान्य, मान्य.

पण मला वेगळाच मुद्दा मांडायचाय आणि तो थोडा टोचेल. या धाग्यावर जे जे अमेरिकेत घर घेऊन बसलेत, त्यांनी घर घेताना पहिलं काय पाहिलं? घराच्या जाहिरातीखालचा, ग्रेटस्कूल्स या वेबसाइटने शाळेला दहापैकी दिलेला आकडा. नऊ की दहा. सहा असेल तर बायको गाडीतून उतरतसुद्धा नाही. हा आकडा मुख्यतः राज्याच्या परीक्षांच्या निकालांवर बेतलेला असतो, आणि त्या परीक्षा दरवर्षी, प्रत्येक राज्यात, तिसरीपासून व्हायलाच हव्यात हे ठरलं ते याच कायद्याने.

म्हणजे केनेडींनी आकडा मागितला तो कशाला, तर कुठली मुलं मागे पडतायत ते दिसावं आणि मदत तिकडे जावी. आणि आपण (मी धरून) तो वापरला कशाला, तर ती मुलं नसलेला परिसर शोधायला. तिथे घरं महागली, महागली म्हणून टॅक्स जास्त जमला, टॅक्स जमला म्हणून शाळा अजून चांगली. समान संधीसाठी काढलेला आकडा रिअल इस्टेट एजंटाच्या हातात गेला. दोन्ही पक्षांचं खरं एकमत यावर आहे बघा: घरांच्या किमतीला हात लावायचा नाही.

साधा_माणूस:

मुसाफिर, तुमचं बोलणं ऐकून आम्ही सगळ्यांनी उद्या घरं विकून वाईट शाळेच्या शेजारी जायचं का? आईबाप मुलांसाठी हे करणारच. त्यात अपराधी वाटायचं कारण नाही.

मूळ लेखाबद्दल. मी याकडे उलटं बघतो. ३८१ विरुद्ध ४१ ही मला कौतुकाची गोष्ट वाटत नाही, शंका घ्यायची वाटते. एवढे सगळे ‘हो’ म्हणतात तेव्हा कोणीच नीट वाचलेलं नसतं. दहावी घटनादुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे आणि लोकांचे. शाळा गावाची असते. गावाने पैसे भरायचे, गावाने बोर्ड निवडायचं, आवडलं नाही तर पुढच्या निवडणुकीत घालवायचं. वॉशिंग्टनमधल्या माणसाला माझ्या डिस्ट्रिक्टची काय माहिती? २००५ मध्ये युटासारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्याने आमचे नियम आधी, तुमचे नंतर, असा कायदा केला आणि त्याच वर्षी डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्या कनेटिकटने केंद्र सरकारवर खटला भरला. याला म्हणतात दोन पक्षांचं सहकार्य! दोघेही वैतागले होते.

मुसाफिर:

शाळा गावाची, कबूल. मग गरीब गावाचं काय?

सॅन अँटोनियोचं उदाहरण घ्या. एजवूड नावाचा डिस्ट्रिक्ट, बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाची. शेजारी ॲलमो हाइट्स, श्रीमंत, गोरा. १९६७-६८ चे आकडे कोर्टाच्या निकालातच आहेत. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर दराने कर भरत होते आणि त्यातून मुलामागे जादा जमत होते २६ डॉलर. ॲलमो हाइट्सचा दर ८५ सेंट, म्हणजे कमी, आणि मुलामागे जमत होते ३३३ डॉलर. गरीब माणूस जास्त दराने कर भरतोय आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला बाराव्या हिश्श्याहून कमी येतंय. पालकांनी खटला भरला, तो सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ असा हरला. कोर्ट म्हणालं, शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल पूर्वी रिचमंडच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते, तुमच्यासारखेच ‘शाळा गावाची’वाले. थर्गुड मार्शल विरोधात होते.

त्या निकालानंतर केंद्रीय कोर्टातून शाळांच्या पैशाची समानता मागायची वाट बंद झाली. उरली फक्त काँग्रेस. आणि काँग्रेसमध्ये एकट्या पक्षाला काही करता येत नाही. म्हणून हे दोन पक्षांचं प्रकरण इतकं महत्त्वाचं.

साधा_माणूस:

त्यानंतर राज्यांच्या कोर्टांनी केलंच की. टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये त्याच एजवूडच्या बाजूने निकाल दिला, एकमताने. न्यू जर्सीत गरीब डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या पैशासाठी ॲबट खटले झाले. राज्यं करू शकतात. वॉशिंग्टन लागत नाही.

मुसाफिर:

एजवूडच्या ज्या मुलांच्या आईबापांनी १९६८ ला खटला भरला, ती १९८९ ला बाप्ये झाली होती.

चिंगीची_आई:

तुम्ही सगळे २००१ वर भांडताय, पण दोन पक्षांनी मिळून केलेला सगळ्यात मोठा कायदा माझ्या मते १९७५ चा. आज ज्याला ‘आयडिया’ म्हणतात तो, अपंग मुलांच्या शिक्षणाचा. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे, म्हणून मला हा विषय पाठ आहे.

त्याआधी दहा लाख अपंग मुलांना सार्वजनिक शाळेचं दारच बंद होतं, हे काँग्रेसने कायद्यातच लिहून ठेवलंय. पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसीच्या पालकांनी खटले जिंकले, मग काँग्रेस हलली. प्रतिनिधीगृहात ४०४ विरुद्ध ७, सिनेटमध्ये ८७ विरुद्ध ७. जेराल्ड फोर्ड यांनी २९ नोव्हेंबर १९७५ ला सही केली ती नाखुशीनेच. हा कायदा झेपणार नाही इतकी वचनं देतोय, असं त्यांनी सही करतानाच लेखी म्हटलं. आणि ते खरं ठरलं! कायद्यात लिहिलंय की दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलेल. पन्नास वर्षांत तो आकडा एकदाही गाठलेला नाही. अलीकडे तर १५ टक्क्यांच्याही आत आहे. दर निवडणुकीत दोन्ही पक्ष ‘आम्ही पूर्ण करू’ म्हणतात.

पण हक्क मात्र खरा आहे. आयईपीच्या (मुलीसाठीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या) मीटिंगला आमच्या डिस्ट्रिक्टची माणसं मला म्हणाली, ‘स्पीच थेरपीसाठी बजेट नाही.’ मी शांतपणे म्हटलं, हे लेखी द्या. ‘प्रायर रिटन नोटिस’ (नकार आणि त्याचं कारण लेखी) मागितली की आवाज बदलतो, कारण बजेट नाही हे कायद्यात कारणच नाही. तास मिळाले. कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या खटल्यात २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ० असं सांगितलंय की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत जेवढी वाजवी तेवढी व्हायला हवी. आठही न्यायमूर्ती! (नववी खुर्ची तेव्हा रिकामी होती.)

साधा_माणूस, मला सांगा, १९७५ च्या आधी ‘गाव’ माझ्या मुलीसाठी काय करत होतं?

साधा_माणूस:

ताई, तुमच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही. पण ४० टक्क्यांचं वचन देऊन १५ टक्के देणं यालाच मी वॉशिंग्टन म्हणतो. उरलेला भार डिस्ट्रिक्टवर, आणि वाईट होतं ते मीटिंगमधलं माणूस.

अटकेपार:

चिंगीची_आई, फार मोलाचा प्रतिसाद. तुमचे ४० टक्के आणि २००१ चा कायदा यांची गाठ एका माणसापाशी पडते, ते सांगतो.

व्हरमाँटचे सिनेटर जिम जेफर्ड्स, रिपब्लिकन, सिनेटच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष. १९७५ मध्ये हा कायदा झाला तेव्हा ते प्रतिनिधीगृहात नवे होते, आणि तो घडवण्यात त्यांचा हात होता. २००१ मध्ये बुश यांच्या करकपातीची चर्चा चालली असताना त्यांनी हट्ट धरला की आधी अपंग मुलांचं ४० टक्क्यांचं वचन पाळा. पक्षाने ऐकलं नाही. मे २००१ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. सिनेट होतं ५०-५०. त्यांच्या एका मताने बहुमत डेमोक्रॅटांकडे गेलं आणि शिक्षण समितीचे अध्यक्ष झाले टेड केनेडी. शेवटच्या मतदानात जेफर्ड्स यांनी ‘नो चाइल्ड’च्या विरोधात मत दिलं, कारण त्यांच्या ४० टक्क्यांची हमी त्यातही नव्हती.

आता खडूफळाताईंना उत्तर. तुमच्या पिवळ्या-लाल रंगांवर माझ्याकडे प्रतिवाद नाही. पण हे दोन्ही पक्षांना पुढे कळलं, आणि त्यांनी पुन्हा बसून ते दुरुस्त केलं, हेही सांगायला हवं. २०११ पर्यंत देशातल्या जवळपास निम्म्या शाळा कायद्याच्या हिशेबात नापास होत्या. ओबामांच्या खात्याने काँग्रेसला वळसा घालून राज्यांना कायद्याच्या अटींतून सवलती वाटायला सुरुवात केली, बदल्यात स्वतःच्या अटी घातल्या. वॉशिंग्टन राज्याने शिक्षकांचं मूल्यमापन परीक्षांच्या गुणांशी जोडायला नकार दिला तर २०१४ मध्ये त्याची सवलत काढून घेतली. त्याच राज्याच्या डेमोक्रॅट सिनेटर पॅटी मरे, एके काळच्या बालवाडी शिक्षिका. समोर टेनेसीचे रिपब्लिकन सिनेटर लमार अलेक्झांडर, थोरल्या बुश यांचे शिक्षणमंत्री राहिलेले. २०१५ च्या सुरुवातीला अलेक्झांडर यांनी एकट्याच्या पक्षाचा मसुदा आणला होता. मरे म्हणाल्या, दोघांनी मिळून लिहू. त्यांनी तो बाजूला ठेवला. एप्रिलमध्ये समितीत २२ विरुद्ध ०. त्याच उन्हाळ्यात प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकनांनी आपलं एकट्याचं विधेयक रेटलं ते २१८-२१३ असं जेमतेम तरलं. शेवटी चाललं ते सिनेटच्या पद्धतीचंच: ३५९-६४ आणि ८५-१२. १० डिसेंबर २०१५ ला सही करताना ओबामा त्याला ख्रिसमसचा चमत्कार म्हणाले.

या नव्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’ने शंभर टक्क्यांचं खूळ काढलं, शिक्षा ठरवायचं काम राज्यांकडे दिलं, शाळेचा हिशेब करताना निव्वळ पास-नापास नाही तर प्रगतीही धरायला वाट दिली. सगळ्यात मागे असलेल्या पाच टक्के शाळा आणि जिथे दोन तृतीयांश मुलंही बारावी पूर्ण करत नाहीत अशी हायस्कुलं, यांच्यावर खास लक्ष ठेवायला सांगितलं. परीक्षा राहिल्या. गटवार निकालही राहिले. चौदा वर्षं शिव्या खाल्ल्यावर, सगळं सोडायची मुभा असताना, दोन्ही पक्षांनी नेमकं ते ठेवलं.

झेडपी_मास्तर (सातारा, निवृत्त):

आमचा या विषयाशी संबंध दूरचा, तरी राहवलं नाही. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उलटं टोक गाठलं होतं. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही. परीक्षेच्या ऐवजी आकारिक आणि संकलित मूल्यमापन. आम्ही नोंदवह्या इतक्या भरल्या की पोरांकडे बघायला वेळ उरेना! २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला परत परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली. तिकडे परीक्षेने वर्ग खाल्ला, इकडे नोंदींनी.

आणि त्या ताईंचे ४० टक्के वाचून आमच्याकडचे २५ टक्के आठवले. खाजगी शाळांत गरिबांच्या २५ टक्के जागा, फी सरकार भरणार. शुल्क प्रतिपूर्तीची थकबाकी हा दरवर्षीचा तमाशा. मग शाळा त्या मुलांना प्रवेश देताना नाक मुरडतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट, असा नियम काढून पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

खडूफळा:

मास्तर, नमस्कार. नोंदवह्यांचं दुःख इथेही तेवढंच आहे, फक्त सॉफ्टवेअरमध्ये.

अटकेपार, २०१५ च्या कायद्याने श्वास घेता आला हे खरं. पण तुम्ही श्रेय वॉशिंग्टनला फार देताय. गेल्या दहा-बारा वर्षांत गरीब मुलांच्या वाचनात जी खरी उडी दिसली ती मिसिसिपीत. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात देशात तळाशी, २०२४ मध्ये पहिल्या दहात. केलं काय? शिक्षकांना ध्वनी-अक्षर पद्धतीचं पद्धतशीर प्रशिक्षण, शाळांत वाचनाचे कोच, किंडरगार्टनपासून कच्च्या मुलांची तपासणी, आणि तिसरीला वाचता येत नसेल तर पुढे ढकलायचं नाही. हे राज्याने केलं. साधा_माणूस खूश होतील.

साधा_माणूस:

झालो.

अटकेपार:

आणि मिसिसिपी वर आलं हे आपल्याला कळलं कशावरून? ‘नेप’ या देशभरच्या एकाच परीक्षेवरून. चौथी-आठवीच्या वाचन-गणिताला त्यात भाग घेणं टायटल वनचा पैसा घेणाऱ्या राज्यांना २००१ च्याच कायद्याने सक्तीचं केलं. खूश होण्याआधी हेही बघा.

साधा_माणूस:

नेप ठेवा. बाकीचं खातं बंद करा. सौदा मंजूर?

चिंगीची_आई:

आणि डिस्ट्रिक्टने माझं ऐकलं नाही तर तक्रार कुठे करायची? खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या बारापैकी सात प्रादेशिक कचेऱ्या २०२५ मध्येच बंद केल्यात. मला नाही मंजूर.

निंबोणी:

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळतंय. एक व्यावहारिक प्रश्न, विषयाला धरूनच आहे. मुलाला किंडरगार्टनला घालतोय. फॉर्मवर विचारलंय की घरी कुठली भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला शिकलं. आमच्याकडे मराठीच. पण इथल्या दोघी-तिघी मैत्रिणी म्हणाल्या, ‘सरळ इंग्लिश लिही, नाहीतर त्याला वेगळ्या वर्गात बसवतील आणि वर्षानुवर्षं शिक्का पुसला जाणार नाही.’ काय करू?

खडूफळा:

खरं ते लिहा. मराठी.

त्या फॉर्मला ‘होम लँग्वेज सर्व्हे’ म्हणतात. दुसरी भाषा लिहिली म्हणून कोणी आपोआप वेगळं बसवत नाही. आधी एक छोटी चाचणी होते. बोलणं, ऐकणं, वयाप्रमाणे थोडं वाचन-लेखन. इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर त्याला मदत मिळणं हा त्याचा हक्क आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने म्हटलं होतं की न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखं शिकवणं म्हणजे समान वागणूक नाही. बहुतेक शाळांत मूल नेहमीच्या वर्गातच असतं, ईएसएलच्या (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या) बाई थोडा वेळ येतात किंवा त्याला घेऊन जातात. तुम्हाला नको असेल तर लेखी नाही म्हणता येतं. फक्त तो इंग्रजीच्या वार्षिक चाचणीत पास होईपर्यंत ती चाचणी द्यावी लागते. मुलं लहान असली की एक-दोन वर्षांत बाहेर पडतात, असा माझ्या वर्गातला अनुभव.

खोटं लिहिलंत तर मात्र तो ऑक्टोबरात गप्प बसेल आणि माझ्यासारखीला कळणारच नाही की त्याला गणित येत नाही की प्रश्न कळला नाही.

निंबोणी:

मराठीच लिहिते. आणि शाळेतला नाश्ता-जेवणाचा फॉर्म? उत्पन्न जास्त असलं तरी भरायचा का?

मुसाफिर:

भरा. काही डिस्ट्रिक्टमध्ये सगळ्यांनाच मोफत असतं, काहींत नसतं. पण टायटल वनचा पैसा डिस्ट्रिक्टमधल्या कुठल्या शाळेला किती, हे बहुतेक ठिकाणी या जेवणाच्या फॉर्मांवरूनच ठरवतात. तुमचा अर्ज नामंजूर झाला तर झाला. पण ज्यांचा मंजूर होईल त्यांनी लाजेने भरला नाही तर शाळेचं नुकसान होतं, म्हणून आमच्या पीटीएत (पालक-शिक्षक संघात) आम्ही सगळ्यांनाच भरायला सांगतो.

साधा_माणूस:

आमच्या डिस्ट्रिक्टमध्येही तसंच सांगतात. मी भरतो. नामंजूर होतो. :)